बुडाल्यामुळे मेंदूला इजा: प्रेशर चेंबरमधल्या ऑक्सिजनने फरक पडतो का?

सुजाता_सोलापूर: धाकटा भाऊ, वय 19, मोहोळजवळ आमच्याच विहिरीत बुडाला. वर काढला तेव्हा श्वास बंद होता. व्हेंटिलेटरवरून सुटला, आता घरी आहे. पेज भरवली की गिळतो, पण बोलत नाही, उजवी मूठ उघडत नाही. एका सेंटरने हायपरबॅरिक ऑक्सिजनची 40 सेशन सांगितलीत. आई पाटल्या मोडायला निघालीय. काय करू?

फिजिओ_जुळे_सोलापूर: सुजाता, आईंना थांबव. असे पेशंट रोज माझ्या हाताखाली असतात, म्हणून कळकळीने सांगते. चेंबरमध्ये हवेचा दाब नेहमीच्या दीड ते तीन पट करून शुद्ध ऑक्सिजन देतात, तो रक्तात जास्त विरघळतो. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहाच्या पायाच्या चिघळलेल्या जखमा, यांत त्याचा उपयोग होतो. पण ऑक्सिजनविना मेलेल्या पेशी नंतर कितीही ऑक्सिजन दिला तरी जिवंत होत नाहीत. ‘झोपलेल्या पेशी जाग्या होतात’ असं सांगतात, ते अजून सिद्ध झालेलं नाही.

2001 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होतो तो आजार) 111 मुलांचा अभ्यास आला. काहींना चेंबरमध्ये ऑक्सिजन, बाकीच्यांना किंचित दाबाची साधी हवा. सुधारले दोन्हीकडचे, आणि सारखेच! आजार वेगळा आहे, पण तिथल्या आईवडिलांनाही फरक डोळ्यांनी दिसतच होता.

मुठीचं आजच सुरू कर. बोटं ओढू नकोस. आधी मनगट हळूच आत, तळहाताच्या बाजूला वाकव, बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा बाहेर काढ, मग एकेक बोट. तळहात कोरडा करून नॅपकिनची गुंडाळी दे.

बार्शीकर: ताई, आमच्या मंडळींना हृदय बंद पडल्यावर असंच झालं. आम्ही चेंबर केला. दाब वाढताना कानात दडे बसायचे, तिला सांगता येईना, नुसती कण्हायची. ती सावरली, पण फिजिओही रोज चालू होती. कशाने सावरली हे मी छातीठोक सांगणार नाही.

सुजाता_सोलापूर: भावाला मधूनमधून आकडी येते. मग चेंबर केला तर चालेल का?

फिजिओ_जुळे_सोलापूर: हे सेंटरने विचारलंच नाही? जास्त ऑक्सिजननेच आकडी येऊ शकते. शिवाय बुडालेल्या मुलाची छाती एक्स-रेमध्ये बघायलाच हवी. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर चेंबर जिवावर बेतू शकतो. आधी न्यूरोच्या डॉक्टरांना फाइल दाखव, आणि मूठ उघडतानाचा व्हिडिओ मला पाठव.