तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक शोधनिबंधांच्या संख्येवर जोखावा का?

मृण्मयी
मी पदवीच्या वर्गांना तत्त्वज्ञान शिकवते. बढतीची फाइल भरताना वर्गात काय घडलं हे कुणी विचारत नाही. निबंध किती आणि कुठे छापले, एवढंच. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली एपीआयचे, म्हणजे शिक्षकाच्या कामाला आकड्यांत मोजणारे, गुण आणले, 2018 च्या नियमावलीत ते काढले, पण मोजदाद काही गेली नाही. प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला आजही किमान 10 शोधनिबंध लागतात. निदान आमच्या विषयात ही मोजणी बंद करावी, असं माझं ठाम मत आहे. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे मुंबईच्या कीर्ती कॉलेजात शिकवत होते आणि वाईच्या ‘नवभारत’ मासिकाचं संपादन करत होते. दि. य. देशपांडे यांनी अमरावतीत शिकवलं आणि निवृत्तीनंतर 1990 मध्ये नागपुरातून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू केलं. मराठीत काटेकोर युक्तिवाद कसा करायचा, हे आपण या दोघांकडून शिकलो. आजच्या बढतीच्या तक्त्यात त्यांच्या त्या लेखनाला कोणत्या रकान्यात बसवणार?

विचक्षण
रेग्यांना पुढे करून सगळ्यांसाठी नियम ठरवता येत नाही. मला ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं याचा विचार, शिकवणाऱ्या सरांनी ‘समर्थित सत्य समजूत म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या शेवटचा शब्द म्हणून सांगितली. एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1963 सालीच तीन पानांत ती हादरवली होती. त्याच्या उदाहरणात स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीचे उमेदवार आहेत. स्मिथला सबळ पुराव्यावरून वाटतं की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत. म्हणून तो मानतो की नोकरी मिळणाऱ्याच्या खिशात दहा नाणी आहेत. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात नकळत दहा नाणी असतात. समजूत खरी, समर्थनही आहे, तरी याला ज्ञान म्हणवत नाही. हे मला पदवीनंतर, स्वतः वाचताना कळलं. सरांना एक निबंध जरी समीक्षकांपुढे ठेवावा लागला असता, तरी हे वर्गात आलं असतं. मुलांचं नुकसान झालं, त्याचा राग मला अजून आहे.

मृण्मयी
राग रास्त आहे. पण उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं! गेटियरने त्यानंतर जवळपास काहीच छापलं नाही. अमेरिकेत शिकवत राहिला, आणि त्याच्या तीन पानांवर जगभर ढिगाने लेखन झालं. जर्मन तत्त्वज्ञ कांट 1770 मध्ये प्राध्यापक झाला आणि त्याचा मोठा ग्रंथ आला 1781 मध्ये. मधल्या दशकात त्याने छापलं फारच थोडं, व्याख्यानं मात्र चालू होती. आपल्या नियमांनी त्याला दर वर्षी खुलासा मागितला असता.

विचक्षण
1770 च्या आधी कांट वीसेक वर्षं छापत होता, हे का गाळता? शिवाय 1755 पासून पंधरा वर्षं तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर जगला. व्याख्यान कंटाळवाणं झालं तर पोटावर यायचं. आपल्याकडे कायम झाल्यावर वर्गाचा धाक नाही. छापण्याचाही काढला तर उरतं काय?

वसुधा
दोघांनीही एक गोष्ट टाळली आहे: पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी नियतकालिकं. मोजणीने चांगला शिक्षक घडला नाही, ही दुकानं मात्र उभी राहिली. आयोगाने त्यांना आवर घालायला मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली, आणि 2025 मध्ये तीही बंद केली.

खानदेशी
मी अमळनेरच्या बाजूचा. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिराला, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या संशोधन संस्थेला, प्रताप शेठजींनी पैसा दिला. त्या छोट्या गावातून ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघायचं आणि देशभरातले अभ्यासक त्यात लिहायचे. म्हणून मृण्मयीताई, फक्त मराठीवर जोर देणं मला पटत नाही. बाहेरच्या माणसाने आपलं म्हणणं खोडून काढायलाच हवं. पण ते खोडणं निबंधातूनच व्हावं असंही नाही, विचक्षण. 1983 साली पुण्यात रेगे, तत्त्वज्ञ दया कृष्ण आणि इतरांनी नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाच्या, पंडितांना आधुनिक तत्त्वज्ञांसमोर बसवलं. विषय होता ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचा विधानविचार, म्हणजे विधान म्हणजे नेमकं काय याची मांडणी. ज्यांनी रसेल कधी वाचला नव्हता, त्या पंडितांनी संस्कृतातून त्याच्यावर हरकती घेतल्या. त्याचं पुस्तक यायला 1991 उजाडलं. मधली आठ वर्षं तक्त्यात शून्य धरायची का? माझ्या मते त्या काही दिवसांत जितकं तत्त्वज्ञान झालं, तितकं शंभर निबंधांत होत नाही.

विचक्षण
ते मान्य. तिथे समोर प्रतिपक्ष होता, आणि मला हवा आहे तो प्रतिपक्षच. म्हणून आकडा सोडायला मी तयार आहे. पाच वर्षांत एकच निबंध, मराठीत चालेल, पण परक्या विद्यापीठातल्या दोघांनी वाचून लेखी आक्षेप घ्यावेत. आक्षेप आणि उत्तरं दोन्ही छापावीत.

मृण्मयी
मराठीत चालेल म्हणालात, त्याबद्दल आभार. पण पाच वर्षांची मुदत नको. तीन वर्गांचे तास, परीक्षा, पेपर तपासणी आणि नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, कागदपत्रं सांभाळणाऱ्याला आधी वाचायला वेळ द्या. आठवड्याचे चार तास कमी करा, मग आक्षेप घ्यायला कुणालाही बोलवा. ते चार तास देणार कोण, हे सांगा.