दातातल्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये बायोॲक्टिव्ह काय घालू? बजेट २५ हजार

शिरपूरकर_फार्मा
नमस्कार मंडळी. शिरपूरला एम.फार्म.चं दुसरं वर्ष चालू आहे, डिझर्टेशनला विषय घेतलाय दातातलं तात्पुरतं सिमेंट. रूट कॅनॉलच्या दोन खेपांच्या मध्ये जो मसाला भरतात तो नुसता भोक बुजवून बसतो. मला असा बनवायचाय जो दाताला कॅल्शियम-फॉस्फेटही देईल. आपल्याकडे पेशंटला आठवड्याने बोलावलं तर तो कापूस वेचणी उरकल्यावर उगवतो, त्यामुळे टिकायलाही हवा, पण डॉक्टरला परत सहज उकरून काढता यायला हवा, खरी गोम इथेच आहे. बेस कोणता घेऊ? झिंक ऑक्साइड युजेनॉल, जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट), का कॅल्शियम सिलिकेट? खर्च खिशातून, २५ हजाराच्या वर एक रुपया नाही. भट्टी ९०० डिग्रीपर्यंत जाते. प्लीज बजेटमध्येच सांगा.

दंतवैद्य_धुळे
बायोडेंटिन घ्या, विषय संपला. कॅप्सूलमध्ये ट्रायकॅल्शियम सिलिकेटची पावडर, त्यात लिक्विडचे ५ थेंब, मशीनमध्ये ३० सेकंद, आणि साधारण १२ मिनिटांत सेट. पूर्वीचं एमटीए नावाचं असंच सिमेंट पावणेतीन तास घ्यायचं. तात्पुरतं म्हणून ६ महिनेपर्यंत ठेवता येतं असं कंपनीच सांगते. मी कित्येक वर्षं वापरतोय, एक केस परत आली नाही. मिसळायला अमाल्गमेटर लागेल, तो चांगला घ्या, स्वस्तातला घेऊ नका.

शिरपूरकर_फार्मा
सर मला विकत नाही घ्यायचं, बनवायचंय.

दंतवैद्य_धुळे
बनवायला घेतलंत तर दोन वर्षं जातील. तयार आहे ते वापरा.

तापीकाठ
लवंग तेल! आमची आजी कापसाचा बोळा लवंग तेलात बुडवून दाढेत दाबायची, रात्रभर शांत झोप. उगाच काय ते बायो बायो.

डॉ_चोपडा
आजीचं चूक नाही, युजेनॉल म्हणजे लवंगेतलाच माल आणि दुखणं शांत करतो म्हणूनच झिंक ऑक्साइडसोबत एवढी वर्षं टिकून आहे. स्वस्त आहे, जंतूही मारतो, माझ्या ट्रेमध्ये रोज असतो. पण वरून नंतर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं पक्कं फिलिंग) करणार असशील तर युजेनॉल त्याला नीट कडक होऊ देत नाही, हे धरून चाल.

दंतवैद्य_धुळे
नीट साफ केलं तर काही होत नाही. आमच्याकडे कधी झालं नाही.

डॉ_चोपडा
तुमच्याकडे काहीच होत नाही सर 🙏

भुसावळ_जंक्शन
मी पेशंटच्या बाजूने सांगतो कारण डॉक्टर लोक ते कधी सांगणार नाहीत. आमच्या इथे एका ठिकाणी सिमेंट भरलं, पैसे घेतले, आणि त्याच संध्याकाळी शेवभाजी खाताना गोळा हातात. परत गेलो तर म्हणे परत पैसे. दात काय धरणाची भिंत आहे का रोज रोज सिमेंट ओतायला? कोणतंही बनव भो, पण शेवभाजीला टिकेल असं बनव.

डॉ_चोपडा
भरल्यावर तासभर काही खाऊ नका म्हणून सांगितलं नव्हतं का?

भुसावळ_जंक्शन
सांगितलं होतं. पण गाडीची वेळ झाली होती.

केळीवाला_रावेर
मन्हं आयक भो. केळीच्या खांबाची राख घे. आमच्याकडे खांब फुकट पडलेले असतात, त्यात खनिजं भरपूर. तुझं पेटंट निघेल आणि शेतकऱ्याचं भलं होईल. पत्ता दे, मी पाठवतो.

काचवाला_सर
केळीवाले भाऊ, त्या राखेत पोटॅशियमच जास्त, इथे सिलिका आणि कॅल्शियम पाहिजे. सिलिकाच हवी तर भाताच्या तुसाची राख चालेल, नवापूर भागात भात होतो. कॅल्शियम अंड्याच्या टरफलातून निघेल, ते ९०० डिग्रीला भाजलं की चुना होतो.
आता पोरा तुझ्याबद्दल. बायोग्लास कर. हेंचने १९६९ मध्ये फ्लोरिडात ४५एस५ नावाची काच केली, हाडाला चिकटणारी. ४५ टक्के सिलिका, साडेचोवीस-साडेचोवीस सोडियम आणि कॅल्शियमचे ऑक्साइड, ६ टक्के फॉस्फरसचं. ही कल्पना त्याला बसमधल्या सहप्रवाशाने दिली, तो लष्करातला कर्नल होता, त्याने विचारलं की शरीर नाकारणार नाही असं काही करता येईल का. आपण धुळे-शिरपूर एसटीत बसलो की सीटवर रुमाल कोणी टाकला यावरून भांडतो. असो. ती काच वितळवायला १३००-१४०० डिग्री आणि प्लॅटिनमची मूस लागते, ती काय जळगावच्या सराफ बाजारातून उधार आणणार? म्हणून सोल-जेलने, म्हणजे द्रावणाची जेल करून, ५८एस ही दुसरी बायोग्लास कर. टीईओएस (यातून सिलिका मिळते), ट्रायइथाइल फॉस्फेट, कॅल्शियम नायट्रेट, थोडं नायट्रिक आम्ल. जेल होऊ दे, ६० डिग्रीला मुरू दे, वाळव, मग ६००-७०० ला भाज. तुझ्या भट्टीत आरामात होतं. चाचणीला एसबीएफ, म्हणजे रक्तातल्या क्षारांसारखं पाणी, ३६.५ डिग्री, पीएच ७.४, त्यात गोळ्या बुडवून वर ॲपेटाइट, म्हणजे दात-हाडातलं कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज, जमतो का बघ. बेस मात्र कॅल्शियम सिलिकेटचाच घे.

नंदुरबारी_पोऱ्या
वर कोणी बोललं का माहीत नाही पण बायोडेंटिन म्हणून एक येतं, ते बघा.

दंतवैद्य_धुळे
👆 बघा.

चाळीसगाव_ताई
मी बीडीएस, सगळं वाचलं आणि हसले. तात्पुरत्या सिमेंटचं पहिलं काम आहे कडेने लाळ आत जाऊ न देणं. ते नाही जमलं तर तुझं कॅल्शियम घेऊन काय करू? जीआयसी दाताला रासायनिक चिकटतं, फ्लोराइडही सोडतं, पण रंग दातासारखाच असल्याने काढताना सिमेंट कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला कळत नाही, बर (ड्रिलचं टोक) दातावर फिरतो. सिलिकेटचंही तेच, कडक झाल्यावर काढायला जीव जातो. आम्ही रोज जे वापरतो ते झिंक ऑक्साइड आणि कॅल्शियम सल्फेटवालं, लाळेच्या ओलाव्यानेच घट्ट होतं आणि फुगून कडा बंद करतं, पण साडेतीन मिलिमीटर जाडी पाहिजेच. जाडी कमी ठेवली की भुसावळवाल्यांसारखं होतं.
ब्रेसेससाठी काढलेल्या प्रीमोलर (उपदाढा) मिळव, एथिक्स कमिटीचं पत्र आधी घे, नाहीतर व्हायव्हाला लटकशील. मिथिलीन ब्लूमध्ये दात बुडवून मधोमध काप, रंग किती आत गेला मोज. आणि सिमेंट उकरायला किती मिनिटं लागली तेही मोज, ते कोणी मोजत नाही आणि आम्हाला तेच हवं असतं.

भुसावळ_जंक्शन
म्हणजे चूक डॉक्टरचीच होती. धन्यवाद ताई.

चाळीसगाव_ताई
मी असं म्हटलं नाही. तासभर थांबायचं होतं.

डॉ_चोपडा
मे महिन्यात ४५ डिग्रीला लॅबमध्ये काम करू नको, माझं झिंक ऑक्साइड उन्हाळ्यात स्लॅबवरच दगड होतं. सेटिंग टाइम आयएसओ ३१०७ या मानकाप्रमाणे घे, त्यात युजेनॉल नसलेले झिंक ऑक्साइड सिमेंटही येतात. कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थची मशीन सिव्हिलवाल्यांकडे असते म्हणून जाऊ नको, ती काँक्रीटचे ठोकळे फोडायची, तुझी गोळी तिला कळणारच नाही.

धरणगाव_९९
एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणं), सेल कल्चर (पेशींवरची चाचणी) केल्याशिवाय कोणी पेपर घेत नाही. मी माझ्या वेळेस पुण्याहून सगळं करून आणलं होतं, दीडेक लाख लागले असतील, पण पेपर लागला.

शिरपूरकर_फार्मा
२५ हजार लिहिलं होतं मी.

धरणगाव_९९
हो वाचलं. घरच्यांशी बोलून बघ.

शिरपूरकर_फार्मा
सगळ्यांचे आभार. तीन दिवस गाईडशी डोकं लावलं. ठरलं असं: बेस झिंक ऑक्साइड-कॅल्शियम सल्फेटचाच, युजेनॉल नाही, त्यात सोल-जेलची ५८एस ५, १० आणि १५ टक्के. बेसला घट्ट व्हायला पाणी लागतं आणि काचेलाही काम करायला पाणीच लागतं, म्हणून जोडी जमेल असं वाटतं. ताईंची उकरायच्या मिनिटांची टेस्टही घेतली. एसईएमचं नंतर बघू.

काचवाला_सर
जस्ताने ॲपेटाइट जमायला उशीर लागतो, आताच सांगून ठेवतो. सिलिकेट घेतलं असतंस तर हा प्रश्नच नव्हता.

शिरपूरकर_फार्मा
माहिती आहे सर. किती उशीर लागतो तेच मोजतो. काच खूप घातली तर सेट व्हायच्या आधीच पाणी ओढून भेगा पडतील, त्याचीच जास्त भीती आहे.

चाळीसगाव_ताई
१५ टक्क्यांचे नमुने जास्तीचे करून ठेव मग. आणि माझ्या मते महिनाभर टिकणार नाही हे.

दंतवैद्य_धुळे
बायोडेंटिन.

केळीवाला_रावेर
राख कालच एसटीच्या पार्सलला टाकली, दोन डबे आहेत. शिरपूर डेपोतून उचलून घे.