निपाणीकडून १९ नं हरलो, म्हणून चिकोडीकडून ३० नं हरणार का?

खानापूरची_७

नमस्कार सगळ्यांना. मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला हाय, कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. पुढच्या आठवड्यात इंटर कॉलेज हाय आणि आमची पहिलीच मॅच चिकोडीच्या टीमबरोबर पडलीय. त्यांच्याबरोबर आम्ही आजपर्यंत एकदाबी खेळलो नाही. पण गेल्या महिन्यात निपाणीच्या टीमनं आम्हाला ५७-३८ असं हरवलं, म्हणजे १९ नं, आणि त्याच निपाणीला चिकोडीनं ११ नं हरवलंय. आता आमच्या मुलींनी १९ आणि ११ ची बेरीज करून ठेवलीय, ३० नं हरणार म्हणून. दोघी तर प्रॅक्टिसलाच येईनात, कशाला उगीच पहाटे उठायचं म्हणतात. मला आतून वाटतंय की हा हिशोब चुकीचा हाय पण नेमका कुठं चुकतोय ते सांगता येईना. माझं हे शेवटचं वर्ष हाय, खेळायच्या आधीच टीम हरलेली बघवत नाही. कुणीतरी नीट समजावून सांगा की.

टिळकवाडी_पॉइंटगार्ड

अक्का, तुझ्या मुलींना हीच बेरीज अमेरिकेच्या कॉलेज टूर्नामेंटवर लावून बघायला सांग. २०१८ च्या जानेवारीत ऑल्बनीच्या टीमनं यूएमबीसी नावाच्या कॉलेजला ८३-३९ हरवलं, ४४ पॉइंटचा फरक. मग मार्चमध्ये त्याच यूएमबीसीनं व्हर्जिनियाला ७४-५४ हरवलं, २० नं. व्हर्जिनिया त्यावेळी ३१ मॅच जिंकून फक्त २ हरून आलेली, अख्ख्या टूर्नामेंटमध्ये पहिल्या नंबरचं सीड (सीड म्हणजे ताकद बघून आधीच दिलेला नंबर), आणि यूएमबीसी १६ वं सीड, म्हणजे आपल्या गटात शेवटचं. १९८५ ला ६४ टीमची टूर्नामेंट सुरू झाल्यापासून पुरुषांच्यात १६ व्या सीडनं पहिल्याला कधीच हरवलं नव्हतं, १३५ मॅच झाल्या आणि १३५ च्या १३५ हरल्या होत्या. आता बेरीज कर. ऑल्बनी व्हर्जिनियापेक्षा ६४ पॉइंटनं भारी. ऑल्बनीचं कुणी माणूसबी असं म्हणणार नाही. आणि दोनच दिवसांनी यूएमबीसी कॅन्सस स्टेटकडून ५०-४३ हरली, आणि व्हर्जिनियानं पुढच्याच वर्षी, २०१९ ला, टूर्नामेंट जिंकली.

मुलींच्यात तर हे २० वर्षं आधीच झालेलं. १९९८ ला हार्वर्डच्या १६ व्या सीडनं स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर ७१-६७ हरवलं. स्टॅनफर्डच्या दोन मेन प्लेयर जखमी होऊन बाहेर होत्या. जुन्या स्कोअरला ते कुठनं कळणार?

एवढ्या लांब जायला नको वाटलं तर २०२३ चा क्रिकेट वर्ल्ड कप सांग, तो सगळ्यांनी बघितलाय. धर्मशाळेत नेदरलँड्सनं दक्षिण आफ्रिकेला ३८ रननं हरवलं, लखनौत आफ्रिकेनं ऑस्ट्रेलियाला १३४ नं, ऑस्ट्रेलियानं फायनलला आपल्याला. म्हणजे नेदरलँड्स आपल्यापेक्षा भारी झाली की! आणि आपण बंगळुरूत त्यांना १६० रननं हरवलं होतं. साखळी गोल फिरून जिथनं निघाली तिथंच आली.

हुक्केरी_पैलवान

पोरी, मला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही पण आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत मोठा झालोय, म्हणून सांगतो. तालमीत आमच्यात तिघं होते. एक उंच, लांब हाताचा, पट काढण्यात, म्हणजे पाय धरून पाडण्यात, पटाईत. दुसरा बुटका आणि जड, त्याच्यावर पट चालायचाच नाही, उलट उंच गडी दमून खाली यायचा. तिसरा खाली बसलेल्या गड्याला घिस्सा मारून चित करायचा, त्यानं बुटक्याला कितीदा तरी पाडला. आता बुटका उंचाला भारी, तिसरा बुटक्याला भारी, मग तिसरा उंचाला भारीच असणार असं समजून वस्तादांनी एकदा त्यांची जोड लावली. उंच गड्यानं पट काढला आणि दोन मिनिटांत कुस्ती संपली. तिसऱ्याचे पाय हलके होते, पण बुटका कधी पायाकडं गेलाच नव्हता म्हणून ते कुणाला दिसलं नव्हतं. कुस्तीत जोड बघतात बाळा, नुसता गडी बघत नाहीत.

टिळकवाडी_पॉइंटगार्ड

काकांनी बरोबर सांगितलं. आमच्यात त्याला मॅचअप म्हणतात. निपाणी तुम्हाला कशानं जड गेली, प्रेसनं (बॉल पुढं न्यायच्या आधीच अंगावर येऊन अडवणं) की उंचीनं? चिकोडी झोन लावते (प्रत्येकीनं आपली जागा राखायची) की मॅन टू मॅन (प्रत्येकीनं समोरची एक मुलगी धरायची)? झोनसमोर बाहेरनं शूट करणारी मुलगी सोनं असते आणि तीच मुलगी मॅन टू मॅनमध्ये गप्प पडते. स्कोअरशीट असेल तर क्वार्टरप्रमाणं टाक बघू.

खानापूरची_७

सरांकडनं आत्ता फोटो मागवला. आमचे पॉइंट आधी लिहिते: १२-१४, १०-१२, ११-१२ आणि शेवटचा ५-१९.

दादा, हे बघून माझंच मला नवल वाटलं. तीन क्वार्टर मिळून फक्त ५ चा फरक होता. चौथ्याच्या सुरुवातीला मी आणि दुसरी गार्ड दोघीबी पाच फाऊल होऊन बाहेर गेलो, मागं बॉल आणायला कुणी नव्हतंच, निपाणीनं फुल कोर्ट प्रेस लावली आणि आमच्या मुलींच्या हातातनं बॉल सुटत गेला.

टिळकवाडी_पॉइंटगार्ड

मग त्या १९ मधले १४ चौथ्या क्वार्टरचे, तुम्ही दोघी बेंचवर असताना. तो आकडा तुमच्या टीमचा नाहीच, त्या दहा मिनिटांचा हाय. आणि चिकोडीनं ११ नं जिंकलं तेव्हा निपाणीची कोण खेळत होती, शेवटी कुणाला उतरवलं, तेबी कुणाला ठाऊक नाही. अशा दोन आकड्यांची बेरीज करायची म्हणजे किलो आणि मीटर मिळवण्यासारखं झालं.

चिकोडी_स्टॅट्स_सर

मी गणित शिकवतो, एवढं बोलल्याशिवाय राहवत नाही. वरचं सगळं मान्य, पण साखळी अगदीच टाकून द्यायची नसते हं. अमेरिकेत पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेच्या वर टीम, प्रत्येकीच्या तीसेक मॅच, बहुतेक टीम एकमेकींना भेटतच नाहीत आणि तरी त्यातनं ६८ निवडायच्या असतात, मग तिसऱ्या टीममार्फत तुलना करावीच लागते. १९८१ पासून २०१८ पर्यंत पुरुषांच्या निवडीसाठी त्यांच्याकडं आरपीआय नावाचा टीमची क्रमवारी लावायचा हिशोब होता. त्यात स्वतःच्या विजयाला २५ टक्के वजन, आपण ज्यांच्याशी खेळलो त्यांच्या विजयाला ५०, आणि ते ज्यांच्याशी खेळले त्यांना उरलेलं २५. म्हणजे साखळीच की. पण ती शेकडो मॅचची, एका मॅचचा अपघात दुसरीत बुडून जातो. त्यातबी खोट निघाली म्हणून २०१८-१९ पासून नेट नावाची नवी पद्धत आणली. ती कुणाशी खेळलो, कुठल्या कोर्टवर खेळलो, किती पझेशनमध्ये (बॉल ताब्यात आल्याच्या पाळ्यांत) किती पॉइंट केले हे बघते. आणि एवढं करून पहिल्या फेरीत उलटफेर होतातच.

तुमच्याकडं मॅच किती? दोन. दोन मॅचवरनं चिकोडी तुमच्यापेक्षा थोडी बरी असेल एवढा अंदाज धरता येतो, तो मी नाकारत नाही. ३० हा आकडा मात्र त्यातनं निघत नाही. उंचीनं मोठी हे आणि वयानं मोठी हे साखळीत चालतं, अ ब पेक्षा उंच, ब क पेक्षा उंच, तर अ क पेक्षा उंच. हरवलं हे तसलं नातं नाही.

खानापूरची_७

सर, दादा, काका, तिघांचेबी आभार. स्कोअरशीटचा फोटो आत्ताच ग्रुपवर टाकला, ५-१९ ला लाल गोल करून. येईना म्हणणाऱ्या दोघींतली एक म्हणाली, मग प्रेस तोडायची प्रॅक्टिस करू की. उद्या पहाटे सहाला कोर्टवर बोलवलंय, पाच जणींवर सात जणी प्रेस लावायला उभ्या करणार, आणि मी आणि दुसरी गार्ड बाहेर बसणार, आमच्याशिवाय बॉल पुढं न्यायला त्यांना जमलं पाहिजे. दादा, चिकोडीची झोन असते की मॅन टू मॅन ते कुणी बघितलं असेल तर तेवढं कळवा.