चर्चा: मध्य अमेरिकेतले सरडे 'अनोलिस' की 'नोरॉप्स'?

पाचोळा:
कोस्टा रिकात ला सेल्वाच्या जंगलात वाटाड्यानं पाचोळ्यातला बोटभर तपकिरी सरडा दाखवला. म्हणाला, नोरॉप्स ह्युमिलिस. माझ्या पुस्तकात तोच अनोलिस ह्युमिलिस! १९८६ मध्ये गायर आणि सॅव्हेज यांनी अनोलिस हा जीनस (जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) फोडायचं सुचवलं तेव्हापासूनचा हा घोळ. २०१२ मध्ये निकोल्सन आणि सहकाऱ्यांनी तर त्याचे आठ जीनस केले. मला हे पटत नाही. जाती चारशेच्या घरात असल्या तरी सगळ्यांचं मूळ एकच आहे, मग मोडतोड कशाला? २०१३ मध्ये पो यांनीही हाच आक्षेप घेतला. संग्रहालयातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, दोनशे वर्षांचं लिखाण, बहुतेक सगळं अनोलिस या नावाखाली आहे.

मणका:
असहमत. चारशे जातींना एकच जीनस म्हणजे नावातून काहीच कळत नाही. एथरिज यांनी १९५९ मध्येच शेपटीच्या मणक्यांवरून दोन गट पाडले होते. नोरॉप्स गटात मणक्यांच्या आडव्या फांद्या पुढे झुकलेल्या असतात. आणि नावही काल काढलेलं नाही. दोदँ यांनी १८०२ मध्ये अनोलिस हे नाव दिलं आणि वाग्लर यांनी १८३० मध्ये नोरॉप्स.

पाचोळा:
मणके एक्स-रे काढल्याशिवाय दिसत नाहीत हो. शिवाय क्यूबा बेटावरची सॅग्रेई ही जात आणि जमैका बेटावरचे अनोलिस सरडेही याच गटात येतात, म्हणजे 'नोरॉप्स' म्हटल्यानं मुख्य भूमीवरचा सरडा असंही ठरत नाही. 'नोरॉप्स गट' म्हणा की, माझी काही हरकत नाही. जीनस मात्र राहू द्या.

सडा-पठार:
तुम्ही दोघं पहिल्या नावावर अडलात, चुका होतात त्या दुसऱ्या नावात. ह्युमिलिस हातात घेऊन काख बघा. तिथे खोल खळगा असतो, बऱ्याचदा त्यात लालसर किडे चिकटलेले दिसतात. त्याच जंगलातल्या सडपातळ लिमिफ्रॉन्सचा गळ्याखालचा पंखा पांढुरका, बुडाशी पिवळसर ठिपका. ह्युमिलिसचा लालभडक, कडेला पिवळा. दारूत बुडवलेल्या नमुन्यात हे रंग उडून जातात, म्हणून फोटो जिवंतपणीच काढा. ओसा द्वीपकल्पावरचे सरडे २०१० पर्यंत पॉलिलेपिस या जातीचे म्हणून गणले जायचे. बाहेरून जवळजवळ तसेच, पण नराचं जननेंद्रिय वेगळं निघालं आणि 'ओसा' ही नवी जात झाली.

जीनस फोडणं वाईटच असतं असंही नाही. आपल्या पठारांवरचे पंखेवाले सरडे आधी सिताना या जीनसमधले मानले जात. २०१६ मध्ये दीपक, गिरी आणि करंथ यांनी काही वेगळे काढून जीनसला चक्क 'सरडा' हे मराठी नाव दिलं. त्यातल्या चाळकेवाडीच्या सुपर्बा जातीचा निळा-काळा-केशरी पंखा एकदा उघडलेला बघा, वेगळं नाव का लागलं ते कळेल.

पाचोळा:
काखेचा खळगा माहीत नव्हता, आभार. माझ्या सगळ्या फोटोंत सरडा वरूनच घेतलाय, काख एकातही नाही. त्यामुळे तो ह्युमिलिसच होता हे आता छातीठोक सांगता येणार नाही. फोल्डरवर 'अनोलिस' एवढंच ठेवतो.

मणका:
'नोरॉप्स' ठेवलंत तर निदान गट तरी नोंदला जाईल.