कॅन्सरचं दुखणं, सुया आणि ते 'मॉर्फिनचं विष'

रामबागकर: सकाळी ग्रुपवर कुणीतरी टाकलंय, 'कॅन्सरच्या वेदनेवर ॲक्युपंक्चर करा, मॉर्फिनचं विष कशाला?' पहिलं अर्धं सोडून दिलं असतं. बाबांच्या हाडांत पसरला होता. शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर दहा वेळा ॲक्युपंक्चरच्या सुया झाल्या, रात्री चादर दातांत धरून पडायचे. मॉर्फिन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पोह्यांवर जीरावन मसाला मागितला. विष कुठलं, ठरवा.

तिलकनगरची ताई: दादा, 'सुया घ्या' आणि 'औषध सोडा' या दोन गोष्टी आहेत. स्तनाच्या कॅन्सरनंतर मी लेट्रोझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी घेते, तिने सांधे दुखतात. सकाळी मूठ वळायची नाही, कुकरचं झाकण मुलगा लावायचा. आठवड्यातून दोनदा सुया घेतल्या, सहा आठवड्यांनी झाकण मी लावलं. गोळी एक दिवस चुकवली नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये याच सांधेदुखीसाठी सुया सुचवल्यात.

सराफ्यातला: याच सांधेदुखीवरचा 2018 चा 226 बायकांचा अभ्यास वाचा. दहाच्या मापावर खऱ्या सुयांनी दुखणं दोनाने उतरलं, तुलनेपुरत्या टोचलेल्या खोट्या सुयांनी एकाने. एवढ्यासाठी एवढा गाजावाजा?

ताई: तो एक म्हणजे काय, ते माझ्या कुकरला विचारा.

जुना केमिस्ट: सुया राहू द्या, मॉर्फिन मिळतं कुठे ते बोला! 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा आला आणि दुकानदारांनी हातच आखडला, परवान्यांवर परवाने. 2014 ला कायदा सुधारला, धाक तसाच.

रामबागकर: अगदी. दोन दिवस हिंडलो. एका दुकानातला पोरगा चिठ्ठी बघून म्हणाला, 'भैया, आगे देखो.'

ताई: आमच्या काकूंनी सवय लागेल म्हणून काकांना मॉर्फिनची गोळी अर्धी तोडून दिली.

जुना केमिस्ट: तोडून?! लांब असरवाली गोळी तोडली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं! आणि सोबत पोट साफ व्हायची गोळी दिली का? नसेलच.

सराफ्यातला: 'असर' नाही, 'परिणाम'. मराठी वाचवा.

जुना केमिस्ट: तुम्ही मराठी वाचवा, मी पेशंट बघतो.

रामबागकर: ताईंच्या बोटांपुरतं मानलं. बोटांपुरतंच हं. पण केमोत रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट उतरलेल्या असताना कुणी सुई खुपसली तर?

ताई: रक्ताचा रिपोर्ट बघितल्याशिवाय माझ्या सुयांवाल्या बाईंनी सुई काढलीच नाही. आणि ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतो, त्याला तर शिवल्याही नाहीत.

रामबागकर: मग बाबांना टोचणाऱ्याने रिपोर्ट मागितलाच नव्हता.