मदत हवी आहे : नवी रॅम बसवल्यापासून लॅपटॉपची स्क्रीन काळीच राहते

खानापूरकर
विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले, म्हणून मी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवली. ४ जीबी रॅमवर ती बरी चालते, परंतु मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू असताना ब्राउझरमध्ये आणखी चार-पाच टॅब उघडले की माऊससुद्धा हलत नाही. म्हणून बेळगावच्या एका दुकानातून ८ जीबीची वापरलेली रॅम आणली. ती बसवल्यापासून पॉवरचा दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीही येत नाही. लिनक्समध्ये रॅमचा ड्रायव्हर कोठून घ्यावा? सोमवारी मुलीची चाचणी आहे, कृपया लवकर सांगावे.

शहापूर_पेठ
रॅमला ड्रायव्हर लागत नाही. कंपनीचे चिन्हही दिसत नसेल, तर लिनक्सची पाळी येण्यापूर्वीच यंत्र अडकले आहे. लॅपटॉप कोणता, प्रोसेसर कोणता, जुनी रॅम परत घातल्यावर तो चालतो का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

खानापूरकर
जुनी घातल्यावर चालतो. साधाच इंटेलचा लॅपटॉप आहे.

निपाणीकर
रॅमवर पैसे घालूच नका. मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि ४ जीबीवरच माझे सगळे हिशेब, ईमेल आणि व्हिडिओ सुरळीत चालले आहेत.

शहापूर_पेठ
एसएसडीने यंत्र लवकर सुरू होते हे खरे, परंतु रॅम भरली की स्वॅपवर, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेवर, धाव घ्यावी लागतेच, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी ती रॅमची जागा घेत नाही. शिवाय यांच्या लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच जडवलेली असेल, तर ती बदलणार कशी? खानापूरकर, जुनी रॅम घालून टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' ही प्रोसेसरचे नाव दाखवणारी आज्ञा चालवा आणि दोन्ही रॅमच्या लेबलवरची अक्षरे जशीच्या तशी येथे लिहा.

चिकोडीची_वाचक
मुलीला कन्नडही टाइप करावे लागत असेल, तर आयबसमध्ये (लिनक्समधील भाषा-टंकनाची सोय) मराठी आणि कन्नड असे दोन्ही इनस्क्रिप्ट कळफलक जोडून ठेवा. नुडी या कन्नड टंकन सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली मात्र युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.

खानापूरकर
धन्यवाद ताई, पण आधी स्क्रीन दिसू दे. प्रोसेसर सेलेरॉन एन३०६० आहे. जुन्या रॅमवर 'पीसी३एल-१२८००एस' असे आहे आणि नव्या रॅमवर 'पीसी३-१२८००एस'. एक 'एल' छापायचा राहिला असावा. खाच तर अगदी जुळते.

शहापूर_पेठ
तो 'एल' राहिलेला नाही, तोच तुमचा घोटाळा आहे. डीडीआर३ (लेबलवर 'पीसी३') आणि डीडीआर३एल (लेबलवर 'पीसी३एल') या दोन्हींना २०४ पिना असतात आणि खाचही एकाच ठिकाणी असते, त्यामुळे चुकीची रॅमसुद्धा स्लॉटमध्ये निमूटपणे बसते. साधी डीडीआर३ मात्र १.५ व्होल्टवर चालते, आणि तुमचा प्रोसेसर १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच घेतो. ८ जीबी ही त्याची कमाल मर्यादा आहे, तेव्हा आकार तुम्ही योग्यच निवडला होता. रॅम बदलून आणा, आणि बसवण्यापूर्वी चार्जर व बॅटरी दोन्ही सोडवा.

निपाणीकर
तोपर्यंत झेडरॅम चालू करा. रॅममधलाच मजकूर दाबून ठेवल्यामुळे ४ जीबीत थोडे अधिक मावते.

शहापूर_पेठ
या वेळी निपाणीकरांशी मी सहमत आहे, फक्त दोन कोरांच्या प्रोसेसरवर त्याचा थोडा भार जाणवेल.

खानापूरकर
शनिवारी पुन्हा बेळगावला गेलो. दुकानदार बराच वेळ 'खाच जुळली म्हणजे रॅम बरोबर' असेच म्हणत होता, शेवटी लेबल दाखवल्यावर २०० रुपये जादा घेऊन 'एल'वाली दिली. लॅपटॉप सुरू झाला आणि वर्गही अडखळत नाही. मात्र सिस्टीम मॉनिटरमध्ये ८ ऐवजी साडेसातच्या आसपास जीबी दिसते. उरलेलीही दुकानदारानेच ठेवून घेतली का?

शहापूर_पेठ
नाही, तेवढी रॅम प्रोसेसरमधले ग्राफिक्स आणि स्वतः लिनक्स आपल्यासाठी राखून ठेवतात. या खेपेला दुकानदार निर्दोष आहे.