अंडकोशात अचानक कळ : डॉप्लरसाठी थांबावे का?

प्रश्न
मी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. मागच्या आठवड्यात पहाटे १४ वर्षांचा एक मुलगा पोट दुखते म्हणून आला. दोनदा ओकून आला होता. वडिलांना बाहेर थांबवल्यावरच त्याने पायजम्याची नाडी सोडली. डावा अंडकोश सुजलेला, आतले वृषण कडक आणि वर ओढलेले होते. दुखणे सुरू होऊन चार तास झाले होते आणि आमच्याकडे रात्री सोनोग्राफी होत नाही, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफीही नाही. वृषणाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा अडला असे धरून मी त्याला लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवले. ही घाई झाली का?

उत्तर १ (शल्यचिकित्सक)
मुळीच नाही. पिळाची शक्यता मोजणाऱ्या ‘ट्विस्ट’ गुणांकनात सुजेला २, कडकपणाला २, ओकारी किंवा मळमळीला १ आणि वर सरकलेल्या वृषणाला १ गुण असतो. म्हणजे तुमच्या रुग्णाचे ६ झाले, आणि ५ पासून पुढे धोका मोठा मानतात. उरलेला एक गुण मांडीच्या आतून हलकेच ओरखडल्यावर वृषण वर उचलले न जाण्याचा आहे. सहा तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुधा वाचते, चोवीस तासांनंतर क्वचितच. डॉप्लर शंकास्पद रुग्णांसाठी ठेवावे, आणि पीळ अर्धवट असेल तर त्यात रक्तप्रवाह दिसू शकतो, हेही विसरू नये.

उत्तर २ (आपत्कालीन विभाग)
जंतुसंसर्गात दुखणे सहसा हळूहळू वाढते, ताप येतो, लघवीला जळजळ होते. वृषणाच्या वरच्या टोकावरील लहानशा उपांगाला पीळ पडला, तर तेवढाच भाग दुखतो आणि कधी त्वचेखाली निळसर ठिपका दिसतो. वृषण उचलून धरल्यावर बरे वाटले म्हणजे संसर्गच, या जुन्या खुणेवर मात्र मी भिस्त ठेवत नाही. तरुण मुलाच्या पोटदुखीत खाली तपासणे राहून जाते, ही चूक मला सर्वांत जास्त सलते. तुम्ही ती केली नाहीत.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. वाटेत वेळ जाणार असेल, तर हाताने पीळ सोडवून पाहावा का?

उत्तर १
उशीर अटळ असेल आणि सवय असेल तर, पुस्तक उघडावे तसे बाहेरच्या दिशेने फिरवून पाहावे. कळ वाढली तर थांबावे, कारण काहींचा पीळ उलट्या दिशेचा असतो. आराम पडला तरी शस्त्रक्रिया चुकत नाही. त्यात दुसरे वृषणही टाके घालून जागेवर बसवतात, कारण ते सैल असण्याचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो. चिठ्ठीवर कळ सुरू झाल्याची आणि शेवटचे खाल्ल्याची वेळ लिहावी, आणि गाडी निघण्याआधी तिथल्या सर्जनना फोन करावा.